‘म्हात्रे’ आणि ‘मेइयर’ : पदनामापासून आडनावापर्यंतचा प्रवास

प्रस्तावना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या परिसरातील कोणत्याही महाविद्यालयाचे हजेरीपत्रक पाहिले, तर ‘म्हात्रे’ आणि ‘पाटील’ ही आडनावे त्यात वारंवार आढळतात. ‘पाटील’ या शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. ‘म्हात्रे’ या शब्दाचा अर्थ मात्र ते आडनाव लावणाऱ्या विद्यार्थ्यालाही बहुधा सांगता येत नाही. ते एका विशिष्ट जातीचे आडनाव आहे, एवढीच त्याची ओळख शिल्लक उरलेली असते. वस्तुतः ‘पाटील’प्रमाणेच ‘म्हात्रे’ हेही गावकारभारातील एका पदाचे नाव आहे. भारतीय ताम्रपटांत दीड हजार वर्षांपूर्वीपासून त्याचे मूळ रूप सापडते. विशेष म्हणजे नेदरलँड्समधील ‘मेइयर’ या अत्यंत प्रचलित आडनावाची जडणघडण ‘म्हात्रे’ या आडनावाशी आश्चर्यकारकरीत्या मिळतीजुळती आहे. प्रस्तुत लेखात या दोन आडनावांची व्युत्पत्ती, अर्थ आणि अर्थांतर यांचा तौलनिक विचार केला आहे. तसेच पदनामातून आलेले आडनाव वाचताना कोणती सावधगिरी बाळगावी, याचेही विवेचन केले आहे.

व्यवसायनाम, पदनाम आणि आडनाव

आडनावे प्रामुख्याने चार मार्गांनी तयार होतात : गावाच्या नावावरून, पूर्वजाच्या नावावरून, एखाद्या शारीरिक वा स्वभावविशेषावरून आणि व्यवसायावरून. व्यवसायावरून आलेल्या आडनावांचे पुन्हा दोन पोटप्रकार करता येतात. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, तेली ही हस्तव्यवसायाची नावे होत. पाटील, कुलकर्णी, चौगुले, देसले, खोत, देशमुख, चिटणीस, पोतनीस, कारखानीस ही पदाची नावे होत. पहिल्या प्रकारात माणूस हाताने काय घडवतो हे सांगितले जाते, तर दुसऱ्या प्रकारात समाजाने त्याच्यावर कोणती जबाबदारी सोपवली होती हे सांगितले जाते.

मराठीतील पदनामांमध्ये राजकीय इतिहासाचे थर स्पष्ट दिसतात. ‘पाटील’ हा शब्द ‘पट्टकिल’ या रूपापासून आला असून ते रूप माळव्यातील परमार राजांच्या लेखांत आढळते. ‘कुलकर्णी’ या शब्दात ‘कुळ’ आणि ‘करण’ म्हणजे लेखन किंवा हिशेब हे दोन घटक आहेत. ‘नीस’ हा प्रत्यय असलेली आडनावे त्यानंतरच्या थरातील आहेत. लिहिणारा या अर्थाचा फारसी ‘नवीस’ हा शब्द त्यांच्या मुळाशी असून चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा तो पारसनीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा तो पोतनीस अशी त्यांची उपपत्ती आहे. ‘म्हात्रे’ हे आडनाव या फारसी थराच्या पुष्कळ आधीचे, संस्कृत ताम्रपटांच्या काळातील आहे.

प्रत्येक पदाचे आडनाव झालेच असेही नाही. पेशवाईत कल्याण प्रांताचे सरसुभेदार असलेले रामाजी महादेव बिवलकर इतिहासात ‘बिवलकर’ याच ग्रामवाचक आडनावाने ओळखले जातात. कल्याणातील सुभेदार वाड्याच्या नावात मात्र त्या पदाची आठवण टिकून आहे. पदाचे आडनाव होण्यासाठी ते पद पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात राहणे आणि भोवतालच्या लोकांनी त्या घराण्याला त्याच नावाने हाक मारणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात.

कल्याणचे प्राचीन साक्षीदार

व्यक्तीची ओळख व्यवसायाने सांगण्याची पद्धत या परिसरात किती जुनी आहे, याचा पुरावा कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत मिळतो. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील या प्राकृत लेखांमध्ये दान देणाऱ्यांची नावे कोरलेली असून त्यांत कल्याणचे रहिवासी अनेक आहेत. ‘सामिदत’ म्हणजे स्वामिदत्त नावाच्या कल्याणच्या सोनाराने तेथे पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले. कल्याणच्याच ‘नद’ नावाच्या लोहाराच्या दानाचीही नोंद आहे. सोनारासाठी ‘सुवणकार’ आणि लोहारासाठी ‘कमार’ हे शब्द तेथे वापरलेले आहेत.

या लेखांत गाव, व्यवसाय आणि व्यक्तिनाम असे तीन घटक एकत्र येतात. ही आधुनिक अर्थाने आडनावे नव्हेत. स्वामिदत्ताचा मुलगा दुसरा व्यवसाय करू लागला असता, तर ‘सुवणकार’ हे विशेषण त्याला लागले नसते. तथापि आडनावाला लागणारी सामग्री येथे तयार झालेली दिसते. डोंबिवलीतील सोनारपाडा आणि कुंभारखाणपाडा, कल्याणातील कुंभारवाडा, ठाण्यातील चेंदणी कोळीवाडा या स्थळनामांतूनही व्यवसायावरून ओळख सांगण्याची तीच रीत पुढे चालू राहिलेली दिसते.

‘महत्तर’ : अर्थ आणि अधिकार

‘म्हात्रे’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘महत्तर’ हे होय. ‘महत्’ म्हणजे मोठा. त्याला तुलनावाचक ‘तर’ हा प्रत्यय लागून ‘अधिक मोठा’ असा अर्थ होतो. व्याकरणदृष्ट्या हे साधे विशेषण आहे. परंतु प्राचीन लेखांत ते निश्चितपणे पदनाम म्हणून येते. बंगालमधील दामोदरपूर येथे सापडलेल्या गुप्तकालीन ताम्रपटांत जमिनीच्या व्यवहारांच्या संदर्भात ‘महत्तर’ उल्लेखिलेले आहेत. गुजरातेतील वलभीच्या मैत्रक राजांच्या दानपत्रांतही अधिकाऱ्यांच्या यादीत ‘महत्तर’ येतो. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत तर राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक, आधिकारिक आणि महत्तर अशी अधिकाऱ्यांची ठरावीक मालिकाच आढळते. राजाने एखादे गाव वा जमीन दान दिली, की हे दान या सर्वांना कळवले जात असे.

या क्रमाचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. ‘राष्ट्र’ आणि ‘विषय’ हे मोठे प्रादेशिक विभाग होते. त्यांचे प्रमुख राजाचे प्रतिनिधी असत. महत्तर हे मात्र गावातले प्रतिष्ठित, जाणते कुटुंबप्रमुख होते. कोणती जमीन कोणाची, तिच्या सीमा कोठपर्यंत, तिच्यावर कोणाचा हक्क, हे त्यांना ठाऊक असे. राजाज्ञा गावात अमलात यायची, तर त्यांना ती कळणे आवश्यक होते. म्हणजेच ‘महत्तर’ या पदाचा पाया राजाच्या नेमणुकीपेक्षा गावाच्या मान्यतेत अधिक होता. उत्तर कोकणचे शिलाहार हे आरंभी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते आणि त्यांच्या राजवटीचे केंद्र श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे होते. ज्या प्रशासकीय परंपरेत ‘महत्तर’ हे पद रुजले होते, तिच्याशी या परिसराचा संबंध असा थेट येतो.

‘महत्तर’ ते ‘म्हात्रे’ : ध्वनिपरिवर्तन

संस्कृत ‘महत्तर’पासून ‘म्हात्रे’पर्यंतचे बदल मराठीच्या नेहमीच्या ध्वनिनियमांना धरून आहेत. पहिला बदल शब्दाच्या आरंभी होतो. ‘मह’मधील पहिला स्वर लोप पावून ‘म्ह’ असे जोडाक्षर बनते. ‘महिषी’पासून ‘म्हैस’ हा शब्द असाच झाला. दुसरा बदल ‘त्त’ या द्वित्ताचा. प्राकृतातील द्वित्त व्यंजन मराठीत एकेरी होते आणि त्याच्या आधीचा स्वर दीर्घ होतो. ‘सत्त’पासून ‘सात’, ‘भत्त’पासून ‘भात’, ‘हत्थ’पासून ‘हात’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. या दोन बदलांनी ‘महत्तर’चे ‘म्हातर’ होते.

तिसरा बदल शब्दाच्या शेवटी होतो. ‘म्हातर’ला आकारान्त रूप मिळून ‘म्हातरा’ आणि त्याचे आदरार्थी अनेकवचन ‘म्हातरे’ असे होते. मधला अकार उच्चारात गळून ‘म्हात्रे’ हे रूप सिद्ध होते. आदरार्थी अनेकवचनाचे आडनाव होणे मराठीत सर्रास आढळते. ‘चौगुला’चे ‘चौगुले’, ‘देसला’चे ‘देसले’, ‘राणा’चे ‘राणे’ ही त्याची उदाहरणे होत. आडनावातील एकार हा मुळात त्या पदस्थाला गावाने दिलेला मान आहे.

‘महामात्र’ हा शब्दही उच्चाराने जवळचा वाटतो आणि त्याच्याशी ‘म्हात्रे’चा संबंध जोडण्याचा मोह होऊ शकतो. परंतु ‘महामात्र’चा ध्वनिविकास ‘महावत’, ‘माहूत’ असा झालेला आहे. ध्वनी आणि अर्थ या दोन्ही दृष्टींनी ‘महत्तर’ हेच मूळ अधिक ग्राह्य ठरते.

याच ‘महत्तर’पासून मराठीला दुसराही एक शब्द मिळाला आणि तो रोजच्या वापरातला आहे. तो म्हणजे ‘म्हातारा’. अधिक मोठा, म्हणून मानाने मोठा, म्हणून वयाने मोठा, असे हे अर्थांतर आहे. वय आणि अधिकार यांची अशी सांगड अनेक भाषांत दिसते. अरबीतील ‘शेख’ या शब्दाचा मूळ अर्थ वयोवृद्ध असा आहे. रोमन ‘सेनेट’च्या मुळाशी वृद्ध या अर्थाचा शब्द आहे. मराठीतील ‘वडील’ हा शब्दही मुळात ‘मोठा’ याच अर्थाचा असून ‘वडीलकी’त वय आणि अधिकार दोन्ही सामावलेले आहेत. एका शब्दाच्या दोन शाखांपैकी एक घरातील ज्येष्ठाकडे गेली आणि दुसरी आडनावात स्थिरावली.

डच ‘मेइयर’

नेदरलँड्समधील आडनावांत व्यवसायनामांचे प्रमाण लक्षणीय आहे. २००७ सालच्या गणनेनुसार तेथील सर्वाधिक प्रचलित दहा आडनावांत बाकर, व्हिसर, स्मित आणि मेइयर ही चार आडनावे होती. बाकर म्हणजे पाव भाजणारा, व्हिसर म्हणजे मासेमार आणि स्मित म्हणजे लोहार. यांतील पहिली तीन हस्तव्यवसायाची नावे आहेत. चौथे, ‘मेइयर’, हे पदनाम आहे.

‘मेइयर’चे मूळ लॅटिन ‘मायोर’ हे होय. ‘मोठा’ या अर्थाच्या ‘माग्नुस’ या विशेषणाचे ते तुलनावाचक रूप असून त्याचाही अर्थ ‘अधिक मोठा’ असाच आहे. फ्रँक राजांच्या दरबारात राजवाड्याच्या प्रमुख कारभाऱ्याला ‘मायोर दोमुस’, म्हणजे घराचा मोठा, असे म्हणत. या पदावरील पेपिन ७५१ साली स्वतःच राजा झाला. पुढे सरदाराच्या किंवा मठाच्या जमिनीची व्यवस्था पाहणारा, कुळांकडून वसुली करणारा, किरकोळ तंटे सोडवणारा कारभारी तो ‘मेइयर’ झाला. नेदरलँड्सच्या दक्षिणेकडील सेर्टोखेनबॉस शहराभोवतीच्या प्रदेशाला आजही ‘मेइयरेइ’ म्हणजे मेइयरचा अंमल असलेला मुलूख म्हणतात. उत्तरेकडील ग्रोनिंगेन प्रांतात तर कायमस्वरूपी हक्काने जमीन कसणाऱ्या कुळालाही हाच शब्द लागला. कारभाऱ्याचे नाव कालांतराने कसणाऱ्याकडे आले.

तेथील आडनावांना कायदेशीर स्थैर्य मिळाले ते नेपोलियनच्या १८ ऑगस्ट १८११ च्या हुकूमनाम्याने. ज्यांना निश्चित आडनाव नव्हते, त्यांना ते घेऊन नोंदवणे या हुकमाने बंधनकारक झाले. बहुसंख्य लोकांजवळ आडनावे आधीच होती. हुकमाने ती गोठवली, म्हणजे पुढच्या पिढ्यांचा व्यवसाय काहीही असला तरी नाव तेच राहील अशी व्यवस्था केली.

दोन आडनावांतील साम्य

‘म्हात्रे’ आणि ‘मेइयर’ यांतील साम्य तीन पातळ्यांवर दिसते. पहिली पातळी धातूची. संस्कृत ‘महत्’, लॅटिन ‘माग्नुस’ आणि ग्रीक ‘मेगास’ हे एकाच मूळ इंडो-युरोपीय धातूपासून निघालेले शब्द आहेत, हे तौलनिक भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे.

दुसरी पातळी रचनेची. दोन्ही शब्द ‘मोठा’ या विशेषणाची तुलनावाचक रूपे आहेत. मात्र दोहोंतील प्रत्यय वेगळे आहेत. पाणिनीने एकाच सूत्रात ‘तरप्’ आणि ‘ईयसुन्’ असे दोन तुलनावाचक प्रत्यय सांगितले आहेत. ‘महत्तर’मध्ये पहिला आहे. लॅटिन ‘मायोर’मधील प्रत्यय दुसऱ्याशी, म्हणजे ‘महीयस्’ या रूपातील प्रत्ययाशी सजातीय आहे. याचा अर्थ, एका भाषेने दुसरीकडून तयार शब्द उचललेला नाही. वारशाने मिळालेल्या समान सामग्रीतून दोन्हीकडे स्वतंत्रपणे पदनाम घडले.

तिसरी पातळी समाजाची. दोन्हीकडे जमीन, वसुली आणि गावातील व्यवस्था यांच्याशी निगडित असलेल्या मनुष्याला ‘अधिक मोठा’ म्हटले गेले. शेतीवर उभ्या असलेल्या समाजात राज्यसंस्था आणि गाव यांच्यामध्ये एक दुवा लागतो. त्या दुव्याला गावकऱ्यांनी दिलेले नाव दोन दूरच्या प्रदेशांत सारखेच निघावे, हे भाषेइतकेच समाजरचनेचेही फलित आहे. इंग्रजीतील ‘मेयर’ हा शब्दही ‘मायोर’चाच वंशज आहे. त्यामुळे महानगरपालिकेच्या इंग्रजी कागदपत्रांत महापौरासाठी येणारा ‘मेयर’ हा शब्द आणि त्याच शहरातील ‘म्हात्रे’ हे आडनाव एकाच धातूची अपत्ये ठरतात.

याच कुळातील फारसी ‘मेहतर’ या शब्दाची कथा मात्र वेगळे वळण घेते. ‘मिह’ म्हणजे मोठा आणि ‘तर’ हा तोच तुलनावाचक प्रत्यय. चित्राल संस्थानच्या शासकांची ‘मेहतर’ ही पदवी होती. उत्तर भारतात मात्र हा शब्द सफाईचे काम करणाऱ्यांना लावला गेला आणि जातवाचक बनला. शब्द तोच, अर्थ तोच. त्याची पायरी मात्र समाजाने ठरवली. शब्दाच्या व्युत्पत्तीत मोठेपणा असला, म्हणून तो धारण करणाऱ्याला समाज मोठेपणा देतोच असे नाही.

पदे गेली, आडनावे राहिली

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात वतनी पद्धतीचे जे चित्र येते, ती पद्धत स्वातंत्र्यानंतरच्या दीड दशकात कायद्याने संपुष्टात आली. १९५० च्या मुंबई परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करण्याच्या कायद्याने कुलकर्णी वतन संपले. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद नाहीसे झाले. ‘म्हात्रे’ हे पद तर त्याच्या कितीतरी आधी केवळ आडनाव बनले होते.

त्यानंतरचा बदल नागरीकरणाचा. ठाणे महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली अस्तित्वात आली. कल्याण परिसरातील २७ गावे १९८३ साली महानगरपालिकेत गेली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा समाविष्ट झाली. गावाची शेते निवासी संकुलांखाली गेली, शिवार प्रभागात विभागले गेले आणि बांधांच्या खुणा पुसल्या गेल्या. अशा स्थितीत मूळ ग्रामस्थांच्या आडनावांना एक वेगळे मोल येते. येथे एकेकाळी स्वतःचा कारभार पाहणारे, सीमा आणि हक्क जाणणारे गाव होते, याची साक्ष देणारा तो एक अभिलेख आहे. हा अभिलेख कोणत्याही दप्तरखान्यात नाही, तो वर्गातील हजेरीपत्रकात आहे.

आडनाव वाचताना घ्यावयाची काळजी

तथापि आडनावावरून निष्कर्ष काढताना काही मर्यादा पाळणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा जातीची. ‘म्हात्रे’ हे आडनाव आगरी, कोळी आणि पाचकळशी अशा भिन्न समाजांत आढळते. ‘पाटील’ आणि ‘चौगुले’ यांच्या बाबतीत हा विस्तार आणखी मोठा आहे. पद ज्या गावात ज्या घराण्याकडे होते, त्या घराण्याचे ते आडनाव झाले. म्हणून पदनामातून आलेल्या आडनावावरून जात ओळखण्याचा प्रयत्न भाषाशास्त्राच्या कसोटीवरच टिकत नाही. ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पाने कीर्ती मिळवणारे शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांचे आडनाव आणि खाडीकाठच्या गावातील शेतकऱ्याचे आडनाव एकाच पदाकडे निर्देश करते, एका कुळाकडे नव्हे.

दुसरी मर्यादा रूपसाम्याची. सारखे दिसणारे आडनाव सारख्याच मुळाचे असते असे नाही. युरोपातील ज्यू कुटुंबांत आढळणाऱ्या ‘मेयर’ या आडनावामागे अनेकदा ‘प्रकाश देणारा’ या अर्थाचे ‘मेईर’ हे हिब्रू व्यक्तिनाम असते. त्याचा ‘मायोर’शी संबंध नाही. मराठी आडनावांच्या बाबतीतही ध्वनिनियम, जुने लेख आणि स्थानिक परंपरा या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज व्युत्पत्ती निश्चित मानू नये.

तिसरी मर्यादा कौटुंबिक इतिहासाची. व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते, प्रत्येक कुटुंबाचा नव्हे. आडनाव विवाहाने, दत्तकाने, स्थलांतराने आणि कधी केवळ शाळेच्या दाखल्यावरील नोंदीनेही बदलते. ‘म्हात्रे’ आडनावाच्या प्रत्येक घरात महत्तरपद होते, असे म्हणता येणार नाही.

समारोप

‘महत्तर’ हा शब्द ताम्रपटांत अधिकाऱ्यांच्या यादीत होता, बोलीत येऊन ‘म्हातारा’ झाला आणि आडनावात ‘म्हात्रे’ म्हणून स्थिरावला. ‘मायोर’ राजवाड्यातून निघून शेतजमिनीपर्यंत आला आणि ‘मेइयर’ झाला. दोन्ही ठिकाणी पद लोपले आणि नाव उरले. या तुलनेतून पदनामातून आलेले आडनाव हे जन्माचे लेबल नसून जबाबदारीची नोंद आहे, हे स्पष्ट होते.

ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांना या विषयात करण्यासारखे बरेच आहे. विद्यार्थी आपल्या गावातील आडनावे, पाड्यांची नावे, शेतांची नावे आणि ज्येष्ठांकडील जुने दस्तऐवज गोळा करू शकतात. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांनी हे काम एकत्रितपणे हाती घेतल्यास गावे पूर्णपणे शहरात विरघळण्यापूर्वी त्यांची एक विश्वसनीय नोंद तयार होईल. हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या आडनावाचा अर्थ समजेल. हजेरी घेणाऱ्या अध्यापकालाही त्या आडनावात जातीऐवजी गावाचा इतिहास वाचता येईल.